सुवेळा माचीवरचा वीरगळ



या व्याख्यानमालेत आजवर ज्या थोर पुरुषांवर व्याख्याने झाली, त्यांच्याविषयी बोलणाऱ्यास काय सांगावे आणि काय गाळावे, एवढीच काय ती पंचाईत पडली असेल. माझी पंचाईत अगदी उलटी आहे. मी ज्या पुरुषाविषयी बोलण्याचे पत्करले आहे, त्याची सारी हकीकत तीन वाक्यांत मावते. संताजी शिळीमकर, जुन्या कागदांच्या वळणाने सिलिंबकर, हे गुंजण मावळच्या देशमुख घराण्यातले. मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धात ते राजगडावर होते. गड लढविताना तोफेचा गोळा लागून ते पडले, अशी परंपरा असून सुवेळा माचीवर त्यांचा म्हणून एक वीरगळ दाखवितात. संपले. ना बखरीचे पान, ना पोवाड्याचा चौक. तीन वाक्यांच्या माणसावर तासभर बोलायचे म्हणजे ताकात पाणी घालून घागर भरण्याचा आरोप माझ्यावर येणारच, तो मी आधीच मान्य करून टाकतो. परंतु ही हकीकत तीनच वाक्यांची का राहिली, हा प्रश्न माझ्या मते तासाभराचा आहे, आणि तो भोर-वेल्ह्याच्या लोकांपुढे मांडला नाही तर दुसऱ्या कोणापुढे मांडावा, हे मला कळत नाही.

आपल्या या मुलखाला वीरांची वाण कधीच नव्हती. भोरजवळचे शिंद हे बाजीप्रभूंचे गाव. कारीचे जेधे, हिरडस मावळातले बांदल, भुतोंड्याचे कंक ही नावे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, आणि ती पाठ असावीत यात दुमत असण्याचे कारण नाही. पण ही नावे ज्या प्रसंगांनी अमर केली ते प्रसंग एकदा नीट आठवा. कोणी खानाच्या भेटीच्या दिवशी जावळीच्या रानात दबा धरून होता, कोणी घोडखिंडीत पाय रोवून उभा राहिला. अज्ञानदासाने पोवाडा रचला तो अफजलखानाच्या वधावर, तुळशीदासाने रचला तो सिंहगडाच्या चढाईवर. शाहिराचा डफ वाजतो तो माणूस घर सोडून निघतो तेव्हा, कडा चढतो तेव्हा, शत्रूच्या गोटात शिरतो तेव्हा. जो आपल्याच गडाच्या तटावर, आपल्याच गावच्या चुलींचा धूर खाली दिसत असताना, आठ महिने पहारा देतो आणि नवव्या महिन्यात एका गोळ्याने जातो, त्याच्यासाठी डफावर थाप पडत नाही. घरच्या चाकरीत कथानक नसते, आणि जेथे कथानक नाही तेथे शाहीर काय करणार?

म्हणून ती चाकरी कशी असे, हे आधी सांगतो. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघे सारख्या दर्जाचे अंमलदार, म्हणजे एकाच्या मनात पाप आले तरी दुसऱ्या दोघांवाचून गड विकता येऊ नये. कोठारे आणि सामानसुमान पाहण्यास कारखानीस. तटाच्या घेरानुसार तटसरनौबत. आणि खाली घेऱ्यात मेटांवर रामोशी, महार, कोळी, बेरड यांची वस्ती, जी रात्रीचा पहिला आणि शेवटचा कान होती. ही रचना सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेविली आहे आणि इतिहासाच्या पुस्तकांत ती आपण वाचतो. पण ती वाचताना आपल्या डोळ्यांपुढे अधिकाराची उतरंड येते, आषाढातली रात्र येत नाही. वेल्ह्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ती वेगळी सांगायला नको. राजगडाची माची म्हणजे डोंगराची उघडी सोंड. दोन्ही अंगांस दरी, समोर धुके, डोक्यावर इरले किंवा भिजून मणभर झालेली घोंगडी, दिवटी वाऱ्यावर टिकत नाही आणि तोड्याची बंदूक ओलीने पेटत नाही. अशा रात्री एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर हाक जायची आणि उलट हाक यायची. उत्तर आले नाही तर एक तर माणूस झोपला, किंवा घसरला, किंवा कापला गेला. पोटात नाचणीची भाकर, ती सकाळची. राजगडाच्या तटावरून किती माणसे अशी पावसाने निसटून दरीत गेली, थंडीतापाने अंबारखान्याच्या पडवीत मेली, पान लागून गेली, त्यांची नोंद कोणत्या रुमालात सापडायची? ती सारी युद्धातच मेली. त्यांच्या अंगावर शत्रूची तलवार पडली नाही, इतकेच.

घरची चाकरी म्हणजे सुरक्षित चाकरी, असा जो आपला एक समज असतो, तो या दोन तालुक्यांच्या इतिहासात पदोपदी खोटा ठरतो. १६६५ च्या एप्रिलमध्ये पुरंदराचा वेढा चालू असताना मिर्झाराजा जयसिंगाने दाऊदखानास वेगळी फौज देऊन याच मुलखात सोडले. त्या महिन्याच्या अखेरीस रोहिड्याच्या आसमंतातली सुमारे पन्नास गावे जाळण्यात आली. मोगली घोडा तोवर जेथे कधी पोचला नव्हता अशा डोंगराच्या कुशीतल्या वाड्याही त्यांतून सुटल्या नाहीत. आणि तेथून ती फौज राजगडाकडे वळली. गडावरून मारा झाला आणि फौजेस पायथ्याशी ठरता आले नाही, ही गोष्ट इतिहासकार एका वाक्यात सांगून पुरंदराकडे वळतात, कारण तह तेथे व्हायचा होता. मला त्या एका वाक्यापाशी थांबावेसे वाटते. तटावरून खाली जळणारी गावे ज्यांना दिसत होती, त्यांपैकी कित्येकांची घरे त्याच गावांत होती. खाली उतरून बायकापोरे सोडवावीत तर गड उघडा पडतो, आणि गड धरून बसावे तर डोळ्यांदेखत घर जाते. ते बसून राहिले. घोडखिंडीत उभे राहण्यापेक्षा हे सोपे होते, असे मला तरी म्हणवत नाही.

पुढची हकीकत आपणांस परिचित आहे, म्हणून वेगाने सांगतो. संभाजीमहाराज पकडले गेले त्या १६८९ साली राजगड मोगलांनी घेतला आणि मावळ्यांनी भोवती जमाव करून तो परत घेतला. राजाराममहाराज जिंजीस असताना या भागाची सारी भिस्त शंकराजी नारायण सचिवांवर आणि खोऱ्याखोऱ्यांतल्या देशमुखांवर होती. १६९४ च्या एका पत्रात कानद खोऱ्याच्या देशमुखांनी गडाच्या आसमंताचा मोगलांपासून बचाव केला म्हणून त्यांची इनामे पुढे चालविण्याची आज्ञा सचिवांनी दिली आहे. १७०३ च्या नोव्हेंबरात खुद्द औरंगजेब पुण्याहून राजगडावर निघाला. घाटातली वाट नीट करण्यास त्याने महिनाभर आधी गवंडी आणि बेलदार पाठविले होते, तरी सामान वाटेतच टाकून द्यावे लागले. डिसेंबराच्या आरंभी मोर्चे लागले, तोफांनी पद्मावतीच्या बाजूचा बुरूज पाडला, तरीही गड दोन महिने टिकला आणि १७०४ च्या फेब्रुवारीत पडला. त्याचे नाव नबीशाहगड झाले. लगोलग मार्चमध्ये तोरणा गेला. तो तर दोर लावून, हातघाईने घेतलेला. बादशहा १७०७ त वारला, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत गुणाजी सावंताने राजगड पुन्हा स्वराज्यात आणला. नबीशाहगड हे नाव धड चार वर्षेही जगले नाही.

या अठरा वर्षांच्या ओढाताणीत संताजी शिळीमकर पडले. त्यांचे मावळ गुंजवणी नदीच्या खोऱ्यात, म्हणजे ज्या माचीवर त्यांचे स्मारक दाखवितात तिच्या पायथ्याशी. ते जिंजीस गेले नाहीत, गुजरातेत उतरले नाहीत. आजच्या लष्करी भाषेत बोलायचे तर त्यांची नेमणूक घरीच होती आणि घरीच ती संपली.

मी तो वीरगळ पहिल्यांदा पाहिला त्याला बरीच वर्षे झाली. गुंजवण्याच्या चढाने धापा टाकीत वर पोचलो, पद्मावतीचे दर्शन घेतले आणि डुब्याला वळसा घालून सुवेळा माचीकडे निघालो. बरोबर गावातला एक मुलगा होता. नेढे कधी दाखवितो असे त्याला झाले होते, कारण डोंगराच्या त्या आरपार भोकाकडे पाहून शहरचे लोक हटकून आश्चर्य करतात, हा त्याचा अनुभव. दगडापाशी मी थांबलो तसा तो म्हणाला, “ते आमच्यातलं जुनं आहे,” आणि पायातल्या वहाणा काढून बाजूला उभा राहिला. नाव त्याला ठाऊक नव्हते. दगडापुढे पायताण घालून उभे राहायचे नसते, एवढे ठाऊक होते. इतिहास संशोधनात हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास नाव ठाऊक होते, आणि मी बूट घालूनच उभा होतो. ते मी नंतर काढले, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

वीरगळ म्हणजे काय, हे येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना माहीत आहे, कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत देवळाच्या आवारात, पाराखाली, क्वचित ओढ्यावर धुण्याच्या जागीसुद्धा ते आढळतात. उभा दगड, त्यावर एकावर एक चौकटी. अगदी खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, तिच्या वर त्याची झुंज, तिच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील अशी ग्वाही. दगड खालून वर वाचायचा असतो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते; गावाला नाव माहीत असल्यावर ते लिहायचे कशाला, असा त्या काळचा हिशेब असावा. आणि एक गोष्ट पाहा: कित्येक वीरगळांच्या तळच्या चौकटीत वीराच्या शेजारी गाई कोरलेल्या दिसतात. गावचे गोधन चोरांनी वळविले, ते सोडविताना हा पडला, असा तिचा अर्थ. दिग्विजयाचा येथे काही संबंध नाही. वेशीवर, आपल्याच गाईंमागे धावताना मेलेल्या माणसासाठी आपल्या पूर्वजांनी दगड घडवून घेतला आणि त्याला थेट कैलासाच्या चौकटीत नेऊन बसविले. मरण कोठे आले, दूर की दारात, हा भेद त्या पाथरवटाने केला नाही.

दरबारानेही तो केला नव्हता. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, जे लोक पडले त्यांच्या मुलांना पुढे चालविले आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले, असे सभासद सांगतो. हाच शिरस्ता पुढे बालपरवेशी या नावाने मराठी दप्तरात रूढ झाला. पडलेल्याच्या लेकरांचे संगोपन सरकारने करायचे. ज्या राज्याचा कणा गडांचा होता, त्याला गडकऱ्याचे मरण दुय्यम मानून परवडलेच नसते.

हा भेद आपल्याकडे शिरला तो फार अलीकडे, आणि तो कागदाच्या मार्गाने शिरला. १९१४ च्या महायुद्धात दख्खनच्या मावळातून आणि कोकणातून हजारो माणसे पलटणींत गेली. युद्ध संपल्यावर देशावरच्या आणि कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या बसल्या. त्यांवरचा इंग्रजी मजकूर ठराविक: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सरकारने आकडा खोदला, नाव खोदले नाही. वीरगळावर नाव नसले तरी निदान माणसाची आकृती असते, त्याच्या हातात तलवार असते. पाटीवर नुसती बेरीज आहे.

त्या बेरजेतही घरी मेलेला धड बसत नाही. एकदा नीरेच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत जुन्या कागदांच्या शोधात गेलो असता, घरच्या म्हातारीने देव्हाऱ्याच्या मागून एक तबकडी काढून माझ्यापुढे ठेविली. काशाची, वीतभरही नाही, पण हातात जड. तिच्यावर त्रिशूळधारी देवीसारखी एक स्त्री आणि सिंह. काठाने इंग्रजी अक्षरे. आणि एका चौकोनात उठावदार अक्षरांत एका माणसाचे नाव, हुद्दा नाही, पलटण नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारने पाठविलेली ही तबकडी मी ओळखली. काठावरच्या अक्षरांचा अर्थ, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असा आहे. परतंत्र देशातल्या मावळ्याच्या घरी हे वाक्य पाठविताना कोणालाच काही खटकले नाही, ही त्या काळाची गंमत. मी म्हातारीला विचारले, “आजी, हे कोण? कुठल्या लढाईत पडले?” तर ती खजील झाल्यासारखी म्हणाली, “लढाईला कुठं गेला त्यो! पुण्यातच हुता पल्टनीत. मानमोडीत गेला.” आणि तिने तबकडी पुन्हा देव्हाऱ्यामागे सारली.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईस लागला, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्या लाटेने सारा देश झोडपला आणि हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसे मेली. पलटणींच्या बराकींत, जेथे माणसाला माणूस खेटून निजतो, तेथे तिने काय केले असेल याची कल्पना करावी. परंतु म्हातारीला जे खजील वाटले ते तिचे नव्हे. तो सरकारी नियमाचा घरापर्यंत झिरपलेला अंश होता. त्या युद्धाचे जे रुप्याचे पदक दिले गेले त्याला युद्धक्षेत्रात किंवा आपल्या मुलखाबाहेर चाकरी केल्याची अट होती. पुण्याच्या छावणीत इंग्लंडहून आलेला गोरा शिपाई पहारा देत असेल तर तो पदकास पात्र, कारण तो समुद्र ओलांडून आलेला. त्याच फाटकावर शेजारी उभा असलेला भोरचा शिपाई नाही, कारण त्याने समुद्र ओलांडला नव्हता. पहारा एक, फाटक एक, रात्र एक.

खडकीच्या युद्धसमाधिस्थळात आपणांपैकी काही गेले असतील. हिरवळ राखलेली, फुले ताजी. तेथे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर कोरली आहेत, कारण गोऱ्यांच्या त्या मूळच्या दफनभूमींची निगा राखणे पुढे अशक्य झाले. त्यांतले पुष्कळ साथींनी मेले असतील. तरी नावे राहिली, आणि राहिली हे योग्यच झाले; त्यांचा मला मत्सर नाही. ज्या आयोगाने हे केले तो १९१७ त स्थापन झाला आणि हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव राखायचे, हे त्याचे मूळ कलम. त्याच आयोगाच्या चौकशी समितीने २०२१ साली कबूल केले की, पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे, ज्यांत हिंदी सैनिक बरेच होते, स्मरण समान रीतीने झाले नाही. आणि आणखी निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मुख्यतः पूर्व आफ्रिकेतले आणि इजिप्तचे लोक, नावानिशी राहिलेच नाहीत. शंभर वर्षांनी का होईना, कबुली आली.

दुसऱ्या महायुद्धात थोडी सुधारणा झाली. कोलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावास त्यांचा पुतळा आहे. घरी चाकरी करणाऱ्यांसाठी तीन वर्षांच्या नोकरीवर एक वेगळे पदक निघाले. आणि जे अविभक्त हिंदुस्थानचे सैनिक प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्राबाहेर मेले, अशा पंचवीस हजारांहून अधिक जणांची नावे ग्रंथरूपाने नोंदून त्या ग्रंथाच्या प्रती दिल्लीस आणि कराचीस ठेविल्या गेल्या. फाळणीने देश दुभंगला तरी या मेलेल्यांची यादी दोन्हीकडे एकच राहिली. दगड नाही, पुस्तक आहे. पण नावे आहेत.

आता आपल्याकडे पाहू. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, त्याचा मला आनंद आहे. गडावर सुटीच्या दिवशी इतकी गर्दी असते की, चोरदरवाज्याच्या वाटेवर माणसास थांबून राहावे लागते. भोर संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांनी १७०७ त आंबवड्यास जलसमाधी घेतली, तेथे आपण जातो. पण ज्या पहारेकऱ्यांच्या जिवावर ते सचिवपद टिकले त्यांच्या दगडांची आपण काय वासलात लावली आहे? कोठे वीरगळ पायरीला घातला, कोठे त्यावर तेलरंगाचा हात मारला, कोठे शेंदराचा थर इतका चढविला की, तळची चौकट बुजून वीराचा आणि गाईंचा एक लाल गोळा झाला. हे भक्तीने होते, हे मला मान्य आहे. म्हणूनच रागावणे जड जाते. परंतु तो दगड देव नाही, माणूस आहे, आणि माणसाचा चेहरा दिसला पाहिजे.

माझे मागणे थोडे आहे. आपापल्या गावचे वीरगळ मोजा, ते कोठे कसे उभे आहेत ते लिहा, त्यांना रंग लावू नका, जागचे हलवू नका. हलवायचेच असतील तर आधी पुरातत्त्व खात्यास विचारा. आणि ज्यांच्या घरी पलटणीचा बिल्ला, तबकडी, पेन्शनीचा कागद किंवा तारेचा पिवळा तुकडा असेल, त्यांनी त्यावरचे नाव आणि गाव या व्याख्यानमालेच्या चालकांकडे आणून द्यावे. तो माणूस मेसोपोटेमियात पडला की पुण्याच्या इस्पितळात, हे कोणी विचारणार नाही. त्यासाठी एक वही मी आज सोबत आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर, घरच्यांना विचारून, नीरेकाठच्या त्या तबकडीवरचे नाव लिहिले आहे. दुसरे पान कोरे आहे, आणि सभा संपल्यावर वही दाराशी टेबलावर असेल.